चार बोटं खाली

आमचे घरमालक टेप वापरत नसत. मापं सगळी उजव्या हाताच्या बोटांत. आम्ही पांढुर्ण्याला बिऱ्हाड करायला गेलो तेव्हा त्यांनी आमचं गाव, पगार, माणसं किती, काही म्हणजे काही विचारलं नाही. ठेल्यावर आमची लोखंडी पेटी होती, तिच्यावर वीत टाकली, वर दोन बोटं मोजली आणि म्हणाले, "पेटी खिडकीखाली बसते. तुम्ही कुठं बसता ते आता तुमचं तुम्ही पाहा." माझे यजमान रेल्वेत, मोजमापाच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पेटी मात्र खिडकीखाली बसली, नखाएवढीही फट न ठेवता. त्या दिवसापासून आमच्या घरात घरमालकांचा विषय निघाला की यजमानांचा आवाज जरा खाली येत असे.

"टेप सरकारी असते," घरमालक म्हणत. "बोटं आपली."

सगळं गाव त्यांना काकाजी म्हणे, मीही म्हणू लागले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, दुकान होतं. ढेप मागायला आलेल्या माणसाला ते आधी ढेप देत नसत, गाईची चौकशी करत. कितव्या वेताची, व्याली कधी, पाणी कुठलं पिते, धार काढताना लाथ मारते का. एकदा एक शेतकरी वैतागून म्हणाला, "काकाजी, ढेप देऊन राहिले का सोयरीक जमवून राहिले?"

"सोयरिकीत इतकं कोण विचारते?" काकाजी म्हणाले. "विचारलं असतं तर लोकं सुखी नसते झाले?"

त्या माणसाला हसू आवरेना. पुढच्या बाजाराला तो आपल्या भावालाही त्याच दुकानात घेऊन आला.

अशा या माणसाकडे एक स्पोर्ट्स गाडी होती. हे वाक्य मी कुणालाही सांगितलं की ऐकणारा मला थांबवतो आणि पुन्हा सांगायला लावतो. सौंसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणी आहेत. तिथला एक इंजिनियर नोकरी सोडून परदेशी निघाला आणि त्याने आपली विलायती गाडी विकायला काढली. दोन दारं, दोन सीटा, कापडाचं छप्पर, रंग बाटलीसारखा हिरवा. कुणी घेईना. संत्र्याच्या मुलखात जिच्यात संत्र्याची एक पेटी धड मावत नाही ती गाडी कसली? काकाजी बघायला गेले, तिच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं आणि घेऊनच आले. पुढचे दोन मोठे दिवे आणि तो रंग बघून गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव बेडकी ठेवलं. काकाजींना ते इतकं आवडलं की तेही तिला बेडकीच म्हणू लागले.

रविवारी संध्याकाळी ते बेडकीत बसत आणि शेजारी त्यांची बायको. डोक्याला रुमाल बांधून, चष्मा पुसून, पेपर तपासायला बसावं तशा गंभीर चेहऱ्याने. या माझ्याच शाळेतल्या गणिताच्या बाई. सौंसरच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो आणि पांढुर्ण्याहून रोज एकाच बसने जात होतो. त्यांना सगळी शाळा नुसतं बाई म्हणे, जणू बाकीच्या आम्ही कुणी बाई नव्हतोच. काकाजी त्यांना मास्तरीणबाई म्हणत, आणि चूक झाली की आपलेच कान पकडत. हॉर्न मात्र ते कधी वाजवत नसत. समोर गाईंचा कळप आला की कळप संपेपर्यंत थांबत. "हॉर्न म्हणजे भांडण," ते म्हणत. "गायीसंग काय भांडायचं?" बाई म्हणत, "दुकानात तर रोज भांडता." हा त्यांचा रविवार.

मग बाईंच्या मणक्याचं दुखणं निघालं. आधी पाठ, मग पाय जड, आणि नागपूरच्या दवाखान्यात कित्येक महिने काढून त्या परत आल्या तेव्हा कमरेखालचं अंग गेलेलं होतं. हात, खांदे, डोकं, जीभ, सगळं पहिल्यासारखं. जीभ जरा जास्तच. दवाखान्याने दिलेली चाकांची खुर्ची त्यांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच अडगळीत टाकायला लावली. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "त्या खुर्चीत बसलं ना, की लोकं ढकलायला येतात. विचारत पण नाहीत. मी जिथं आहे तिथंच बसून राहायचं असलं तर?"

त्याऐवजी त्यांनी घरातला चौरंग मागवला. तोच, सत्यनारायणाचा. काकाजींनी सुताराकडून त्याला खाली लोखंडी बेअरिंगची चाकं लावून घेतली. बाई जमिनीवरून दोन्ही हातांच्या जोरावर चौरंगावर चढायच्या आणि हातांनीच जमीन मागे रेटत घरभर फिरायच्या. स्वयंपाकघर, देवघर, अंगण. त्या चाकांचा आवाज खालून वर आमच्या खोलीपर्यंत यायचा आणि तो आला की मी माझा पसारा आवरायला लागायचे. चौरंगावरच्या माणसाला कुणी ढकलू शकत नाही, वाकावं लागतं. आणि बाईंसमोर वाकून ढकलायची हिंमत पांढुर्ण्यात कुणात नव्हती.

प्रश्न नोकरीचा होता. रजा दिवाळीनंतर संपत होती. शिक्षण खात्याचे छिंदवाड्याचे साहेब एकदा शाळेत आले होते तेव्हा मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, स्पष्ट सांगून गेले: रुजू होण्याच्या दिवशी मी स्वतः येईन. त्या कुणाच्या आधाराशिवाय घरून शाळेत आणि शाळेतून वर्गात येऊ शकल्या तर माझी ना नाही. नाहीतर त्यांना सेवेतून मोकळं करावं लागेल. साहेब काही वाईट नव्हते. त्यांनीच उसासा टाकून म्हटलं होतं, "मैं भी नौकर आदमी हूँ." पण बाईंना नोकरी पगारासाठी नको होती. वर्ग नाही म्हटल्यावर त्यांचं काय उरलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

पहिला विचार बसचा. एक दिवस रजा संपायच्या आधीच त्या बघायला म्हणून स्टँडवर गेल्या. बसची पायरी त्यांच्या छातीशी. कंडक्टर खाली उतरला, एक प्रवासी पुढे झाला, दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं आणि पहिल्या सीटवर ठेवलं. अदबीने, "माय, सांभाळून" म्हणत. मी मागे उभी होते. भल्या माणसांनीच उचललं होतं, म्हणून तर तक्रारही करता येईना. बाई सौंसरला जाऊन तशाच परत आल्या. घरी चौरंगावर बसल्यावर काकाजींना म्हणाल्या, "माझ्या अंगाला परत कोणी असा हात लावला तर मी नोकरी सोडून देईन. आणि तुम्हालाही."

काकाजी अंगणात गेले, बेडकीचं दार उघडलं, चौरंग ओढत नेऊन सीटला भिडवला, आणि वाकून मधलं अंतर मोजलं. बराच वेळ वाकूनच राहिले. मग उठले आणि मला हात दाखवला. अंगठा मिटलेला, बाकीची चार बोटं जुळवलेली.

"इतकी वर आहे," ते म्हणाले. "चार बोटं. गाडी चार बोटं खाली आली पायजे."

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, "काकाजी, गाडी कशाला खाली आणता? चौरंगच चार बोटं उंच करा की. सुताराचं एका दुपारचं काम."

"मंग जमिनीवरून चौरंगावर कशी चढन ती?" ते म्हणाले. "आता चढते ते आपल्या हातानं चढते. चार बोटं वाढवले का तिले कोणाचा तरी हात लागन. जिथं दुसऱ्याचा हात लागते, ते काम झालं नाही असं समजायचं."

नंतर कितीतरी प्रसंगी, अगदी वेगळ्या कामांत, मला ते वाक्य आठवलं आहे आणि दर वेळी मी माझा शहाणपणा आवरता घेतला आहे.

आता गाडी खाली आणायची म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? तो महिनाभर काकाजी मला आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाला तेच समजावत होते, म्हणून कळलं. बेडकीला पुढच्या चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या आणि मागे, ट्रकला असतात तशा, पट्ट्यांच्या कमानी. खाणीवरच्या साहेबाने तिथल्या रस्त्यांसाठी ती मुळापेक्षा उंच करून घेतली होती. म्हणजे खाली येण्यात तिचा काही अपमान नव्हता. ती आपल्या मूळ जागेच्या थोडी खाली येणार होती, इतकंच.

नाक्यावर कमानीचं काम करणारा एक मिस्त्री होता. मोठा प्रेमळ माणूस, काकाजींच्या ढेपेवर त्याच्या दोन म्हशी पोसलेल्या. काकाजींनी त्याला गाडी दिली, चार बोटं दाखवली, साहेबाने घातलेला जास्तीचा पट्टा काढून टाक म्हणून सांगितलं आणि दुकानात आले. संध्याकाळी मिस्त्री स्वतः गाडी घेऊन दारात हजर. बेडकीचं मागचं अंग असं वर उचललेलं, की जणू कुणी शेपटीला धरून तिला उभी केली आहे.

"काकाजी," मिस्त्री हात जोडून म्हणाला, "तुम्ही पट्टा काढ म्हटलं होतं, पण मले राहवलं नाही. बाईचं ऐकलं ना मी. दोन नवे टाकून दिले, आपल्याकडून. आता हिच्यात संत्रा भरा, सरकी भरा, बाईले बसवा, कायी नाही होत. आयुष्यात बसणार नाही गाडी."

त्याची चूकही नव्हती. संत्र्याच्या हंगामात जो तो त्याच्याकडे येऊन एकच मागणं मागायचा, गाडी उचलून दे. साऱ्या जन्मात त्याला कुणी गाडी खाली घे म्हटलं नव्हतं. चार बोटं दाखवली म्हणजे वरच दाखवली असणार, आणि तोंडाने खाली म्हणतात ते काळजीत आहेत म्हणून, असा त्याने सरळ हिशेब केला होता. बाई ओसरीवरून हे बघत होत्या. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दुखण्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काकाजी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "काम चांगलं केलं," ते म्हणाले. "आता इकडं ये." त्यांनी चौरंग गाडीशी नेऊन लावला. आता मधे चांगली टीचभर उंची होती. मिस्त्रीने चौरंगाकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, ओसरीवरच्या बाईंकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मले सांगितलं काहून नाही, कायच्यासाठी पायजे ते?" तो म्हणाला. काकाजी, जे ढेप विकताना गाईची कुंडली मागत, ते यावर खरोखर खजील झाले. "खरं आहे," ते म्हणाले. "मी नाही सांगितलं."

दुसऱ्या दिवसापासून ते दोघं गाडीखाली. मागच्या कमानींचे पट्टे निघाले, उरलेल्यांचा बाक ठोकून कमी झाला. पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा मिस्त्रीने कापून टाकला. गाडी खाली आली. चार बोटं, अगदी मोजून. मला वाटलं, झालं.

काकाजींना तसं वाटलं नाही. त्यांनी पितळी गंजात, आमच्याकडच्या उभट पातेल्यात, काठोकाठ ताक भरलं, बाईंच्या सीटवर ठेवलं आणि गाडी सौंसरच्या रस्त्याला काढली. परत आले तेव्हा गंजात ताक नव्हतं, सीटवर होतं, दारावर होतं, काकाजींच्या धोतरावर होतं. स्प्रिंग कापली की गाडी खाली येते खरी, पण मग तिला दबायला जागा उरत नाही. खड्डा आला की सगळा मार थेट बुडाला. धडधाकट माणसाने दात आवळून सोसलं असतं. त्या मणक्याने रोज जाऊन-येऊन ते कसं सोसावं?

म्हणून ते नागपूरला गेले. स्प्रिंगा वळून देणारा एक कारखानदार शोधला आणि त्याच्याकडून नव्या करून घेतल्या: उंचीला कमी, पण तार जाड, म्हणजे कमी जागेत मार झेलतील अशा. त्या लावल्या तर इतक्या कडक, की ताक पुन्हा उडालं. पुन्हा नागपूर. थोडी बारीक तार. पुन्हा ताक. त्या दिवसांत आमच्या आळीत आंबट वास दरवळत असे आणि बेडकी उभी राहिली की मांजरं जमत. गाव म्हणायचं, काकाजीचं डोकं फिरलं. रस्त्याला ताक पाजून राहिला. मीही आधी यजमानांसमोर हसले होते. हळूहळू हसू येईनासं झालं. दिवाळी जवळ येत होती आणि हा माणूस रोज सकाळी गंज घासून पुन्हा भरत होता, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही, कंटाळा नाही. असा धीर मी देवळातल्या माणसांतही पाहिलेला नाही.

शेवटच्या चाचणीला ते मला म्हणाले, "तुम्ही बसा. गंज मांडीवर घ्या." मी शाळेत नेसायची चांगली साडी बदलून जुनी नेसले आणि बसले. बुड जमिनीला लागतं की काय असं वाटत होतं. शेतातली कपाशी माझ्या कानाच्या उंचीने पळत होती. मग मला दिसलं की हा माणूस नुसती गाडी चालवत नव्हता. त्यांना त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ठाऊक होता. कुठे डावं चाक कडेच्या मुरमावर घ्यायचं, कुठे वेग सोडून द्यायचा, हे त्यांचे हात आपसूक करत होते. वाटेत एका गावाने रस्त्यावर मातीचा आडवा उंचवटा घातला होता. भरधाव ट्रकखाली कुणाची तरी वासरं गेली म्हणून. बेडकी इतकी खाली आली होती की सरळ जाती तर पोट घासलंच असतं. मी म्हटलं, "गावकऱ्यांना सांगून थोडा कमी करून घ्या ना."

"कायले? त्यांचं बरोबर आहे," काकाजी म्हणाले. त्यांनी गाडी तिरपी केली. एक चाक चढलं, उतरलं, मग दुसरं, मग मागची दोन्ही, एकामागून एक. नदीच्या उताराला बैलगाडी घालतात तशी. गंजातलं ताक काठापर्यंत आलं, थरथरलं आणि परत गेलं. थेंब सांडला नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आदर वगैरे फार मोठे शब्द आहेत. मला त्या क्षणी या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मांडीवर गंज होता म्हणून पडता आलं नाही.

जामसांवलीला त्यांनी गाडी वळवली. तिथला मारुती आडवा, निजलेला. नवी गाडी घेतली की आमच्याकडची माणसं तिथे आणतात. पुजाऱ्याने बेडकीकडे पाहून विचारलं, "काकाजी, गाडी बसली का काय हो?"

"महाराज, इथं देवच निजून आहे," काकाजी म्हणाले. "गाडी तर फक्त चार बोटं खाली आली." नारळ फोडला, आणि गंजातलं ताक आम्ही तिघांनी तिथेच पिऊन टाकलं.

बाईंनी अंगणात सराव केला तो फाटक लावून. गाडीच्या दाराच्या पत्र्याची कड मांडीला लागत होती, तिथे काकाजींनी जुन्या सतरंजीची घडी शिवून बसवली. चौरंग बाईंच्या सीटमागच्या जागेत बसेल असे त्याच्या पायांचे बाहेरचे कोपरे थोडे तासले; दोरीने ओढला की तो त्यांच्या हाताशी येई. बाकी कशालाही काकाजींनी हात लावला नाही. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचे, बाई धापा टाकायच्या, चिडायच्या, एकदा चौरंग सटकून जमिनीवर आपटल्या. मी वरच्या गॅलरीतून धावत सुटणार होते. खालून काकाजींनी मान न वळवता नुसता हात वर केला. मी थांबले. बाईंनी स्वतःच चौरंग ओढून घेतला, त्याच्या चाकाखाली लाकडाचा गुटका सरकवला आणि पुन्हा सुरुवात केली.

रुजू व्हायच्या दिवशी मी नेहमीच्या बसने पुढे गेले होते. प्रार्थना संपत आली होती. छिंदवाड्याचे साहेब मोठ्या बाईंबरोबर व्हरांड्यात उभे होते आणि घड्याळ बघत होते. तेवढ्यात बेडकी फाटकातून आत आली, सावकाश, हॉर्न न वाजवता, आणि मुलींच्या रांगा आपोआप दुभंगल्या. छप्पर उघडं होतं. बाई रुमाल बांधून बसल्या होत्या.

त्यांनी दार उघडलं. दोरी ओढून चौरंग काढला, जमिनीवर ठेवला, गुटका लावला. शाळेचा शिपाई धावत पुढे गेला, सवयीने. बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला. मग त्या सीटवरून चौरंगावर सरकल्या. बघायला जावं तर काहीच नव्हतं त्यात. एक बाई एका जागेवरून दुसऱ्या जागेवर बसली. सायकली चढवायला व्हरांड्याला एक उतार होता, त्यावरून त्या हात रेटत चढल्या, चौरंगाची चाकं फरशीवर खडखडली, आणि साहेबांसमोर जाऊन त्या म्हणाल्या, "नमस्कार. माझा पहिला तास नववीवर आहे."

साहेबांनी नमस्कार केला. पण लगेच हो म्हटलं नाही. "आइए, पहले बैठकर बात करते हैं," म्हणाले, आणि ते, मोठ्या बाई आणि बाई असे तिघं ऑफिसात गेले. दार लागलं. आम्हाला वर्गांवर पिटाळण्यात आलं.

माझा तास संपला तरी ते दार लागलेलंच होतं. मी बाहेर आले तर काकाजी अजून गाडीत. ऊन चांगलं तापलं होतं, डोक्यावर छप्पर नाही, टोपी घामाने भिजलेली. हात स्टिअरिंगवर, नजर ऑफिसच्या दारावर. मी जवळ जाऊन म्हटलं, "काकाजी, उतरा. सावलीत बसा जरा. वेळ लागून राहिला आहे त्यांना."

त्यांनी मान हलवली. "नाही उतरत."

"अहो, भोवळ येईल."

"मी उतरलो का गाडी बोटभर वर येते," ते म्हणाले. "माह्या वजनानं बसेल आहे ती. शेवटचं माप मी आत बसून घेतलं होतं. तो साहेब नाही म्हणाला, तर मास्तरीणबाई तिथं एक घटका नाही थांबणार. सरळ इकडं येईन ती. आन् सीट बोटभर वर असली, तर त्या सगळ्या लोकायसमोर तिले माहा हात मांगा लागन."

इतके दिवस मी त्यांच्या स्प्रिंगा, त्यांचं ताक, त्यांची बोटं बघत होते आणि मला वाटत होतं की माझं सगळं बघून झालं आहे. मी तिथेच गाडीशी उभी राहिले. पदर त्यांच्या डोक्यावर धरावा असं मनात आलं, पण धीर झाला नाही.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. ऑफिसचं दार इकडून दिसत होतं तसंच होतं, पण आतून मागच्या व्हरांड्याला दुसरं एक दार होतं, ते आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हतं. एकाएकी पलीकडच्या खिडकीतून आवाज आला.

"नववी, हात खाली. कोणी उठून उभं राहायचं नाही. मी बसून शिकवते, तुम्ही बसून शिका. फळ्याकडे बघा."

काकाजींनी मान तिरपी करून ऐकलं. खडू फळ्यावर चालल्याचा आवाज आला. मग कुणाला तरी एक सणसणीत रागावणं. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले, तळवे धोतराला पुसले, दार उघडलं आणि एक पाय, मग दुसरा पाय जमिनीवर ठेवून उभे राहिले. गुडघे आखडले होते, म्हणून मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला. मागे गाडी बोटभर वर आली. त्यांनी वळून पाहिलंही नाही.

"इथं चहा कुठं भेटते?" ते म्हणाले. "साहेबाले पण सांगा. सकाळपासून उपाशी असन बिचारा."